काचेआडच्या बाईंचा पुलाव

आत्याबाई, तुमच्या घरी सून म्हणून आले तेव्हा माझ्याजवळ संस्कृतची पदवी, शून्य पाककौशल्य आणि एक वही एवढीच संपदा होती. माहेरी साताऱ्यात शेजाऱ्यांनी छपरावर उंच बांबूला एरियल बांधून पुण्याकडची दूरचित्रवाणी घरात उतरवली होती. तिच्यावर पाककृती सांगणाऱ्या बाईंची मी एकनिष्ठ उपासक. बाई म्हणत, "कांदा गुलाबी होऊ द्या," आणि त्या कृष्णधवल पडद्यावर आम्ही पंधरा जणी श्रद्धेने गुलाबी रंग पाहत असू. सांगलीत तेव्हा दूरचित्रवाणी पोहोचलीच नव्हती. त्यामुळे तुमच्या स्वयंपाकघरात या शास्त्रातली एकमेव अधिकारी व्यक्ती मी होते.

पहिल्याच महिन्यात तुमचे फौजेतून निवृत्त झालेले भाऊ नव्या सुनेच्या हातचं जेवायला आले. मी पुलावाची घोषणा केली. तुम्ही चुलीपासून उठून निमूट पाटावर बसलात. तासाभराने पातेल्यातून जे अवतरलं त्याला यथार्थ शब्द एकच: खिमट. मामांचा घास हवेतच थांबतो. "आक्का, घरात कुणाला दात यायल्यात काय?" माझी माहेरासकट प्रतिष्ठा आता पुढच्या वाक्यावर टांगलेली. आणि तुम्ही तूप वाढता वाढता म्हणता, "गप खा रं. टीव्हीतल्या बाईंचा पुलाव हाय त्यो. ममईत असाच मऊ करत्यात." मामांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. पुढे गावभर सांगत सुटले, "ममईची मोठी माणसं लय चावत न्हाईत."

संध्याकाळी तुमच्या रागाची वाट पाहत मी भांडी विसळत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "ती बाई काचंच्या आत हाय, पोरी. तिला इचारता येत न्हाई. मी हितं हाय." मग वहीच्या उरलेल्या पानांवर तुमचं हुलग्याचं माडगं आलं, शेंगोळ्या आल्या, कटाची आमटी आली. प्रमाण सर्वत्र 'मूठभर', मूठ तुमची. आज माझ्या स्वयंपाकाची जी काही कीर्ती आहे, ती त्या पानांची.

मात्र त्या बिचाऱ्या बाईंवर आपण दोघींनी घोर अन्याय केला. त्यांनी तांदळाच्या वाटीला दोन वाट्या पाणी सांगितलं होतं. वहीत सुवाच्य अक्षरात तसंच आहे. पाणी ओतताना माझं लक्ष तुमच्या चेहऱ्याकडे होतं, आणि किती वाट्या पडल्या ते मला आजतागायत ठाऊक नाही. मी तुम्हाला भीत होते, आत्याबाई. त्या संध्याकाळपर्यंत.