जर-तरची वाक्यं

६ ऑक्टोबर, रविवार
पुन्हा बारापैकी चार! जर-तरची वाक्यं डोक्यात शिरतच नाहीत. 'गेले तर', 'गेले असते तर' — इंग्रजीत कुठलं क्रियापद कुठे बसवायचं, देव जाणे. शनिवारी अम्मानला इंग्रजीची परीक्षा. पास झाले तर आयर्लंडला नर्सची नोकरी. नाही तर इथेच करकमध्ये, आणि आत्याच्या हायेलशी लग्न.

७ ऑक्टोबर
आजचा धडा — 'ती' म्हणजे कोण. उताऱ्यात दोन बायका, पुढे नुसतंच 'ती'. ओळखा! मला काही जमेना.
संध्याकाळी आत्या आली. माझ्यादेखत आईला सांगत होती — तिला काय विचारायचंय, ती हो म्हणेल, तिचं वय का कमी आहे आता? मी चहा ओतत होते. इथे मात्र 'ती' कोण ते झटकन कळलं.

८ ऑक्टोबर
शुक्रवारी मागणी घालायला येतायत. हायेलचे थोरले काका आणि वीसेक पुरुष. रीत ठरलेली — काका कॉफीचा कप पुढ्यात ठेवून बसणार. बाबा 'प्या, तुमचं काम झालं' म्हणेपर्यंत तोंडाला लावणार नाहीत. आणि बाबा म्हणणारच. एकुलत्या एका बहिणीला नाही कसं म्हणतील?

९ ऑक्टोबर
गच्चीत कपडे वाळत घालताना इंग्रजीत घोकत होते — बाबांनी परवानगी दिली असती, तर मी गेले असते. हेच वाक्य, दहा वेळा. वळले तर मागे बाबा!
"काय पुटपुटतेस?"
म्हटलं, औषधांची नावं. 'बरं' म्हणून बाबा खाली गेले. मी वाचले! जन्मभर ट्रक चालवलेल्या माणसाला इंग्रजी कुठलं कळायला.

१० ऑक्टोबर
अभ्यास नाही. उद्याच्या कॉफीसाठी वेलदोडे कुटले.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
कप आत परत आला. ओतला होता तसाच, गार. आत्या आईशीसुद्धा न बोलता निघून गेली.
मग बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. डोळे लाल. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ट्रकच्या आधी सात वर्षं जुने अवशेष खोदणाऱ्या गोऱ्या साहेबांची गाडी चालवली मी. औषधांची नावं कळतात मला."
मला रडूच फुटलं.
सकाळी सहाला अम्मानला निघायचंय.