आतला बॉल

२९ नोव्हेंबर ८२, सोमवार

बेसबॉलची प्रॅक्टिस. आमचा पिचर दिल्या, पण त्याचा एक बॉल धड बॅटरसमोरच्या प्लेटवरून जाईना. सगळे बाहेर. बॅटरपासून इतके लांब की मला उठून धावायला लागतं. कॅचर कसला, मैदानाच्या कठड्यापर्यंत जाऊन बॉल आणणारा झालोय मी.

बॅटिंगचं तर बोलायलाच नको. दिल्याच्या हातातून बॉल सुटायच्या आधीच पोरांचा पाय चुन्याच्या रेघेबाहेर. कर्णिक सर वर्गात मागणी-पुरवठा शिकवतात त्याच आवाजात म्हणाले, "अरे, बॉल काय चावतो का तुम्हाला?"

कोणी हसलं नाही. मोन्याला लागल्यापासून मैदानात कोणी हसत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी दिल्याचा आतला, अंगाजवळून येणारा बॉल मोन्याच्या डाव्या कानशिलावर बसला. आपल्याच टीमचा मोन्या, आपल्याच प्रॅक्टिसमध्ये. तेव्हा हेल्मेट नव्हती. आता सरांनी कुठूनतरी दोन मागून आणलीयत. त्या आवाजाबद्दल कोणी बोलत नाही. लाकडावर बसल्यासारखा नव्हता. कसा होता ते…

२ डिसेंबर, गुरुवार

मोन्याकडे गेलो. हॉस्पिटलातून आल्यावर पहिल्यांदाच. पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. डाव्या कानाने ऐकू येत नाही. उभा राहिला की एका बाजूला कलतो, म्हणून काकी, त्याची आई, त्याला हात धरून मोरीपर्यंत नेते. काही सांगितलं की जरा थांबून हसतो. आधी सगळ्यांच्या आधी हसायचा.

"दिल्याचा बॉल येतो का आता लायनीवर?" हे त्याने विचारलं. मी म्हटलं, येतो.

निघताना काकी गॅलरीत आली. दार ओढून घेतलं. "तू ये रे अरू. पण त्याला सांग, इथे पाय ठेवायचा नाही. बाप संप मोडून मिलच्या आत गेला कामावर, आणि पोरगा लोकांची डोकी फोडतोय."

५ डिसेंबर, रवि.

चाळीत सगळ्यांचं ठरून गेलंय. दिल्याने मुद्दाम मारला.

त्या सकाळी मैदानावर काय झालं ते सगळ्यांनीच ऐकलं होतं. गिरण्यांचा संप सुरू असताना दिल्याचे वडील कामावर गेले, आदल्याच दिवशी. मोन्या सगळ्यांसमोर म्हणाला, "काय दिल्या, बापाला पोलिसांच्या गाडीतून नेलं म्हणे. मिलचा जावईच झाला की!" दिल्या हसला. मग प्रॅक्टिस सुरू झाली. मग तो बॉल.

आज जेवताना बाबांनी विचारलंच. बाबा आणि दिल्याचे वडील मिलच्या एकाच साचेखात्यात, कापड विणायच्या शेजारशेजारच्या साच्यांवर. माझ्या जन्माआधीपासून.

"तू समोर होतंस. तुका काय दिसला?"

"हात सुटला त्याचा."

"बघितलंस?"

आईने मध्येच भात वाढला. मी बॉलकडे बघत होतो. कॅचर माणसाच्या तोंडाकडे बघत नाही.

१२ डिसेंबर, रवि.

चर्चगेटकडच्या कॉलेजशी मॅच. त्यांचे सगळे इंग्लिशमधून बोलणारे, कपडे पांढरेशुभ्र. हरलो. किती रननी ते लिहीत नाही. चार बॉल बाहेर गेले की एक बेस फुकट; दिल्याने असे बेसमागून बेस दिले, ते नुसते चालत चालत होम प्लेटवर आले. आमच्या पोरांनी बॅट फिरवलीच नाही. ज्याने फिरवली त्याने मागे सरकून, डोळे मिटून. त्यांचा कॅचर मला म्हणाला, "तुम लोगों को घर में कोई मारता है क्या?"

बाबा बघायला आले होते. पहिल्यांदाच. वेळच वेळ आहे आता. धोतरवाल्या म्हाताऱ्यांच्या बाकावर बसले होते. घरी येताना अंपायरबद्दल विचारतात, "काय रे, तो मानूस सारखो स्ट्राईक स्ट्राईक म्हणान कित्याक आराडता? आमचो संप हयसर पण इलो काय?"

मी हसलो. तेही हसले. मग म्हणाले, "तेच्या झिलाचो हात थरथरता." त्याच्या मुलाचा, एवढंच; दिल्याचं नाव घेतलं नाही. त्याच्या वडलांचंही नाही.

१६ डिसेंबर, गुरु.

सरांचा नवा प्रयोग. आधी प्लेटजवळ कोणीच नको, फक्त मी. दिल्याचे सगळे बॉल माझ्या ग्लोव्हजमध्ये. वर, खाली, आत, बाहेर, मागेन तिथे. तळहात लाल झाला. सर मला हळूच म्हणाले, "हात अगदी बरोबर आहे त्याचा. बिघाड दुसरीकडेच आहे."

मग त्यांनी वॉचमनकडून गादीची वळकटी आणली, बॅटरच्या जागी उभी केली, दोरीने खुंटाला बांधली. तरी बॉल बरोबर येत होते. सर खूश. गंमत म्हणून त्यांनी आपली टोपी काढून वळकटीवर ठेवली.

दिल्याने हात वर नेला. तसाच खाली आणला. पुन्हा नेला. मग खाली बसला, भर मैदानात, बॉल मांडीवर ठेवून.

सरांनी टोपी काढून घेतली. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. पोरांनी आपापल्या पिशव्या उचलल्या.

२६ डिसेंबर, रवि.

दिल्या दुपारी बोलवायला आला. खालूनच शीळ घातली, वर येत नाही हल्ली. दादरच्या चौपाटीपर्यंत चालत गेलो. ओहोटी होती. तो शंख उचलून पाण्यात भिरकावत होता. बरोबर जिथे टाकायचे तिथे पडत होते.

मग एकदम, "अरू, मी मुद्दाम टाकला का रे?"

"काय बोलतोस?"

"मला राग आला होता. एकदम डोक्यात गेला होता. पण मी हसलो ना? तू पाहिलंस ना हसताना? मग बॉल हातात घेतला. त्याच्यापुढचं काही आठवतच नाही. हात कसा फिरला, बोटं कशी होती, काही नाही. नुसता आवाज आठवतो."

"दिल्या, सोड."

"नाही, तू समोर होतास. तुला माहीत असणार. हो म्हण नाहीतर नाही म्हण. काहीही म्हण, मी मानतो."

मी म्हटलं, चल, ऊन लागतंय. तो आला मागोमाग.

७ जानेवारी ८३, शुक्रवार

मलाच काहीतरी होतंय. प्लेटमागे उकिडवा बसलो की बॅटर कोणीही असो, मला मोन्याची टाच दिसते. तो बुटाचं टोक मातीत घासायचा, आधी डावं मग उजवं, आणि मग थुंकायचा. आज नवीन पोराने असंच पाय घासले तर मी ओरडलो त्याच्यावर. त्याला कळेना काय झालं.

बाबांचा खोकला गेलाय. आई परवा म्हणाली, मिलमधली कापसाची पूस, ती तंतूंची धूळ, छातीत जात नाही ना आता. इतकी वर्षं रात्रभर खोकायचे. आता खोली इतकी गप्प असते की आई उठून त्यांच्या नाकाजवळ हात धरून बघते.

१५ जाने., शनि.

काल संक्रांतीला दिल्याच्या चाळीत त्यांच्या खोलीकडे कोणी फिरकलं नाही. शेजारच्या पोरांनासुद्धा आयांनी हाताला धरून पुढे नेलं. दिल्याची आई दारात डबा घेऊन उभी होती म्हणे सकाळपासून.

आमची आई संध्याकाळी चपला घालायला लागली. बाबांनी विचारलं, खय? आई म्हणाली, "तेंच्याकडे. तिळगूळ नाय दिलो म्हणान कोणाचो साचो चालू होवचो नाय."

बाबांनी रेडिओचा आवाज वाढवला. आई परत आली तेव्हा तिच्या हातात त्यांच्याकडचा तिळाचा लाडू होता. तो तिने बाबांच्या समोर ठेवला. उशिरापर्यंत तिथेच होता. आज सकाळी नव्हता. मुंग्या असतील, किंवा…

२३ जाने., रवि.

मोन्या मैदानात आला! एकटा. भिंतीला, मग कठड्याला, मग खांबाला हात लावत लावत. अर्ध्या डोक्यावर केस नुकते उगवलेले, त्यावर वडलांची टोपी. पोरं जवळ गेली पण कोणी हात लावला नाही, काचेचा असल्यासारखा. दिल्या आपल्या जागीच. बॉल हातात फिरवत.

मोन्या जाळीमागे बसला. दिल्याचा पहिलाच बॉल जाळीवरून रस्त्यावर. दुसरा जमिनीवर आपटून. बॅट धरून उभा होता त्याने तर तिसऱ्याला बॅटच टाकली आणि बाजूला झाला.

मोन्या उठला. "सर, मी उभा राहतो."

सर म्हणाले, "वेडा आहेस का? डॉक्टरांनी काय सांगितलंय तुला? बस खाली."

"सर, हे सगळे माझ्यामुळे मागे सरकतायत. आणि हा माझ्यामुळे बाहेर टाकतोय. किती दिवस?"

"मोहन, बस म्हटलं ना."

तो बसला नाही. कलत कलत सरळ दिल्याकडे गेला. मीही मागोमाग, पडला तर धरायला. एकमेकांसमोर उभे राहिले. दिल्याची मान खाली.

मोन्या म्हणाला, "तू मुद्दाम मारलास का, मला माहीत नाही. माझ्या घरी सगळ्यांना माहीत आहे, मलाच नाही. पण मी जे बोललो ना तुझ्या वडलांबद्दल, ते मुद्दाम बोललो. लागावं म्हणूनच बोललो."

मोन्या आपला चांगला कान पुढे करून थांबला होता. मग म्हणाला, "काय बोललास का? मला ह्या बाजूने येत नाही ऐकू."

दिल्या काहीच बोलला नव्हता.

३० जाने., रवि.

प्रॅक्टिसनंतर सर किल्ली द्यायला ऑफिसात गेले. मोन्या वाटच बघत होता. हेल्मेट चढवलं, बॅट उचलली, प्लेटजवळ गेला. "अरू, बस."

मी म्हटलं, मी नाही बसणार. तो म्हणाला, मग बॉल मागे जाईल, तूच आणायला धावशील. बसलो. पोरं जाताजाता थांबली.

दिल्याला म्हणाला, "आत टाक. आणि हळू टाकलास तर निघून जाईन."

पहिला बाहेर. खूपच. मोन्या नुसता उभा. दुसरा बाहेर. "आत रे!" दिल्याने शर्टाने तोंड पुसलं. घाम होता की काय होतं, लांबून कळलं नाही.

तिसरा आत आला. मोन्याच्या छातीजवळून, वेगात, बरोबर माझ्या हातात. हाताला झिणझिण्या आल्या. मोन्याने बॅट फिरवली नाही, पण पायही हलवला नाही. पोरांतून कोणीतरी जोरात श्वास सोडला.

सर परत आले ते दारातच उभे होते. कधीपासून ते माहीत नाही. ओरडले नाहीत. मोन्याच्या डोक्यावरचं हेल्मेट पट्टा सोडवून स्वतः काढलं.

घरी सोडताना मोन्याला विचारलं, "दिसला का तो बॉल?"

जरा थांबून हसला. "त्याच्या हातातून सुटला तेवढा दिसला. मग नाही."

२ फेब्रु., बुध.

काल दिल्याच्या खोलीवर दगड आले. त्याचे वडील कामावर होते. त्याच्या आईच्या खांद्याला एक लागला. आज टेंपो आला, सगळं सामान त्यात मावलं. वडाळ्याला मामाकडे जातायत. गॅलऱ्यांतून सगळे बघत होते, कोणी खाली उतरलं नाही. मी आणि आई गेलो. पिंप उचलायला एक हात कमी पडत होता, तर मागून बाबा आले. पिंप उचलून टेंपोत ठेवलं. दिल्याच्या वडलांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाबा तोवर वळले होते.

दिल्या म्हणाला, "रविवारी येतो मॅचला."

६ फेब्रु., रवि.

आला. त्याच चर्चगेटवाल्यांशी मॅच.

पोरं उभी राहिली आज. सगळी नाही, पण राहिली. एकाला दंडावर बॉल बसला, तरी दात-ओठ खात तिथेच. पहिल्यांदा बॅटचा तो भरीव आवाज ऐकला, बॉल थेट कठड्याला. सर लहान पोरासारखे उड्या मारत होते. मोन्या त्यांच्या शेजारी, उड्यांचं कारण मागाहून विचारत.

दिल्या बरा टाकत होता. काही बाहेर, पण बरेचसे प्लेटवरून. बरोबरी होती शेवटपर्यंत.

मग शेवटी शेवटी एक बॉल असा आला, सरळ बॅटरच्या अंगावर. तो खाली पडला. नाही, लागला नव्हता. उठून कपडे झटकले त्याने, शिवी दिली. मी बॉल घेऊन दिल्याकडे गेलो. चेहरा पांढराफटक.

"हा?" म्हणाला.

"हा सुटला तुझ्या हातातून. ओला होता हात."

"आणि तो?"

अंपायरने हाक मारली. मी बॉल त्याच्या हातात ठेवला, त्याची बोटं त्यावर दाबली आणि परत येऊन बसलो. त्याने टाकला. आतला. बॅटर हलला नाही, बॅट फिरवली, बॉल उंच गेला आणि आमच्या पोराच्या हातातून निसटला. एका रनने हरलो.

नाक्यापर्यंत दिल्यासोबत चालत आलो. मॅचबद्दलच बोललो, कोण कुठे चुकलं वगैरे. त्याने परत विचारलं नाही. वडाळ्याची बस आली, तो चढला. मागच्या खिडकीपाशी जागा मिळाली त्याला. बस वळेपर्यंत माझ्याकडे बघत होता.