हिरव्या बांगड्यांची चौकशी

सोमवार, १० फेब्रुवारी

सगळ्यात आधी आली वत्सला. तिच्याआधी कोण येणार म्हणा, भिंतीला भिंत. म्हणे, गो, सरकारी गाडी उभी आहे खाडीच्या नाक्यावर आणि एक मॅडम तुझं नाव विचारते. मी ओट्यावर सुके बोंबील निवडत बसलेली. हात पदराला पुसले न पुसले तोच तिघं दारात.

पुढे मॅडम, लहानच, आमच्या नातीपेक्षा, सायलीपेक्षा, थोडी मोठी असेल. सोबत चष्मेवाले साहेब. दोघं मंत्रालयाकडून आलेले. तिसरा आपला पालिकेचा कारकून, पेन्शनच्या खिडकीतला. खिडकीत असतो तेव्हा मान वर करत नाही, आज मॅडमची बॅग धरून उभा. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

आमचे हे पालिकेत चावीवाले होते, पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायचे. ते गेल्यापासून पेन्शन मला. आता तीन महिने आलेली नाही. सायली सांगते, पालिकेने पेन्शनच्या फंडातले पैसे भलतीकडे घातले, कारंजी-बिरंजी. म्हणून सरकारने वर माणसं बसवलीत. बजेट त्यांनी बघितल्याशिवाय पास नाही. पेन्शन जाते ती माणसं खरी आहेत का हे घरोघर बघणार, मगच पैसे सुटणार. मला पटलं. मुलगा हाताचा सढळ निघाला की आईने अधूनमधून डबे उघडून बघावेत.

चहा टाकला तर मॅडम म्हणाल्या, आजी, आम्हाला काही घेता येत नाही. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. आमच्या दारातून कोरडं कोणी गेलेलं नाही, कसंतरीच झालं. पण बरोबर आहे त्यांचं, उद्या कोणी म्हणायचं म्हातारीने चहावर पेन्शन सोडवली.

साहेब कागद बघता बघता माझ्या हातांकडे बघायला लागले. मनगटभर हिरव्या बांगड्या. मग अगदी हळू विचारलं, "आजी, तुम्ही पुन्हा लग्न वगैरे...?"

वत्सला दारातच खाली बसली हसून.

मंगळवार, ११

काल हसण्यात पुढचं लिहायचं राहिलं.

रविवारी कासार आलेला, सायलीच्या लग्नाच्या बांगड्या भरायला. लग्नघरातल्या सगळ्या बायका भरतात. मी आपली मागे, पोरींना गूळ-खोबरं वाटत. सायलीने पुढे केलेला हात मागे घेतला. म्हणाली, "आधी आजीला. नाहीतर मी पण नाही." कासार बिचारा इकडे बघतो, तिकडे बघतो. सून म्हणाली, भरा हो. भरल्या. हे गेल्यापासून हात रिकामेच होते. भांडी घासताना आवाज होतो बांगड्यांचा, विसरलेलीच मी.

साहेबांचं चुकलं नाही. विधवा बाईने परत लग्न केलं तर नवऱ्याची पेन्शन बंद, असा नियमच आहे. मॅडम गालात हसल्या पण लिहून घेतलं, खात्री बाकी. खात्री होईपर्यंत माझे पैसे अडलेले.

आणि सायलीच्या हळदीचा बँड माझा. मुलाला सांगून ठेवलंय, तू हॉल बघ, बँडला हात लावायचा नाही. त्याच्याकडे मी चहापत्तीलाही कधी पैसे मागितले नाहीत, आता बँडसाठी मागू? पेन्शन नसेल तर...

ते उद्या बघू. सुरमई महाग झालीय.

बुधवार, १२

बातमी ठाकुर्लीपर्यंत गेली. तिथला बँडवाला ठरवलाय, त्याला फोन करून सांगितलं, पैसे थोडे मागेपुढे होतील. तो म्हणतो, "आजी, हळद नक्की कोणाची? दोघींची असेल तर रेट वेगळा." मोहने गावच्या विहीणबाई, सुनेची आई, तर विचारत होत्या, नवरदेव कुठल्या गावचा. मी सांगितलं, तुमच्याकडे कोणी असेल तर कळवा. फोनवर दोघी हसलो, मला खोकला लागला.

संध्याकाळी वत्सला आली. तिच्या नवऱ्याची पेन्शनही तिथलीच. तिने मोकळे हात दाखवले, तिचं काम झालं. मला म्हणाली, "बांगऱ्या उतरव गो. परत येतील तवा हात मोकले दिसूदे. पेन्शन हाय, गंमत नय."

बरोबरच बोलली. ती गेल्यावर साबणाचं पाणी केलं, हात घातले. दोन बांगड्या अंगठ्याच्या हाडाशी आल्या. सायली कधी येऊन बसली कळलं नाही. बाही वर केली आणि आपला हातही त्याच पाण्यात घातला.

नवरीने लग्नाआधी चुडा उतरवायचा म्हणजे... मीच तिचा हात बाहेर काढला. पुसला. मग माझा. पाणी तुळशीला नको, साबणाचं, मोरीत ओतलं.

गुरुवार, १३

कारकून आला, एकटाच. ओट्यावर बसून दोन कप चहा प्यायला, त्याला चालतो. म्हणाला, मॅडम परत येतायत, शेजाऱ्यांसमोर जबाब घेणार. मग आवाज खाली आणून, तेवढ्या वेळापुरत्या बांगड्या नका ठेवू आजी, उगाच प्रश्न.

मी म्हटलं, "तुम्ही सरळ लिहा. बांगड्या आहेत, नवरा नाही. दोन्ही खरं आहे."

तो हसला. म्हणाला, मॅडमना कितपत पटेल सांगता येत नाही, त्या फार कडक आहेत, पालिकेचं अख्खं बजेट परत पाठवलंय त्यांनी. म्हटलं, पाठवू दे. अशीच पाहिजे.

शेजारी दोन पाहिजेत म्हणे. अख्खा कोळीवाडा असेल, दिवसच त्यांनी असा काढलाय, सायलीच्या हळदीचा. बँडवाला दहालाच येतो. पैसे पेन्शन आली की दे म्हणाला, आणि नाही आली तर काय, हे त्यानेही विचारलं नाही, मीही नाही.

मॅडमना चहा चालत नाही, पाणी चालत नाही. हळद चालते का, कारकुनाला विचारायचं राहिलं.

उद्या शुक्रवारी, अकरा वाजता येतो म्हणालेत.