हिरव्या पेटीचा तळ

मी, परशुराम लवू शिगवण, वय ५८, धंदा फिटर, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, हल्ली राहणार नवघर, भाईंदर पूर्व, सकाळचा चहा पिऊन, चष्मा लावून आणि डोके ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र करीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. डॉक्टरांनी छातीचे दुखणे सांगितले आहे, ते मला मान्य आहे.

कलम १. नवघरच्या दोन्ही खोल्या माझी पत्नी सौ. सावित्री हिच्या नावे. विटा मी आणल्या, घर तिने केले. "आमच्याकडे राहायला चल" असे म्हणून कोणीही तिला त्या विकायला लावू नये. शेजारी शिवा आपल्या मोरीचे पाणी आमच्या दारात सोडतो, त्याबद्दलची माझी तक्रार माझ्यामागेही चालू समजावी.

कलम २. पोस्टातील बचत मुलगी आशा हिला. जावईबापूंबद्दल मला आदर आहे, पण पासबुक तिच्याच ट्रंकेत राहावे.

कलम ३. माझी हत्यारांची लोखंडी पेटी. ही वडिलांची, गोदीतली. दर खंडेनवमीला जुना रंग न खरवडता तिच्यावर नवा हात द्यायचा, ही आमच्या घरची रीत. कुंकू लागलेला रंग खरवडू नये असे वडील म्हणत. १९६२ साली मिठागराच्या पंपावर काम करताना पेटी खाडीत पडली आणि तळ गंजला. माझा जोडीदार राघो धर्माजी पाटील याला मी ती नवा तळ बसवायला दिली. परत आली तेव्हा ना पत्र्याचा जोड दिसत होता, ना रिबिटाचे डोके. मला वाटले, याने जुन्याच पत्र्यावर रंग फासला. वर्कशॉपात चारचौघांत मी त्याला लबाड म्हणालो. तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही. तेरा वर्षे आम्ही बाजारात एकमेकांना बघून रस्ता बदलत आलो.

यंदा रंगाचे पोपडे सुटू लागले, म्हणून रीत मोडून पेटी प्रथमच खरवडली. रॉकेल, पॉलिश पेपर, चार दिवस. तळाला पोचलो तर अखंड नवा पत्रा! चोवीस रिबिटे, त्यांची डोकी पत्र्यात बुडवून कानशीने सपाट केलेली. बोटाला लागत नाहीत. असे काम मी उभ्या जन्मात केलेले नाही. मी तिथेच बसून रडलो. सावित्रीने पाणी आणून दिले. तिचे हे उपकार वेगळे.

सबब ती पेटी, नवा हिरवा रंग दिलेली, आतल्या पान्या-हातोड्यांसह माझ्यामागे राघो यास द्यावी.

दुरुस्ती. वरील मजकूर गेल्या आठवड्यात लिहिला, सही राहिली होती. कलम ३ मी रद्द करीत आहे. कारण, काल मी स्वतः राघोच्या दारी गेलो. म्हटले, "राघो, तेव्हाच बोलला का नाहीस?"

"हात फिरवला असतास तर कललं असतं, गंजाचा एक खड्डा लागला नसता. तू बघितलंस पन न्हाय."

मी माफी मागितली आणि पेटीचे सांगितले. तो म्हणाला, "तुझ्या मरनाची वाट बघून पेटी घेनार न्हाय मी. द्यायची तर आता दे."

आज सकाळी त्याला वर्कशॉपात नेऊन, सगळ्यांसमोर, माझी चूक सांगून पेटी त्याच्या हाती दिली. त्याने तळावर अंगठा फिरवला आणि "रंग जाड लावलायस" म्हणाला. तेरा वर्षांनी कोणी माझ्या कामाला नाव ठेवले, आणि मला फार बरे वाटले.

वकीलसाहेब म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. आता राघोला यातून काहीच मिळत नाही. म्हणून पहिली साक्ष त्याची. मी शुद्धीवर आहे हे सांगायला त्याच्याइतका खात्रीचा माणूस मला नाही. मी शुद्धीवर नव्हतो, तेही त्यानेच पाहिले आहे.

सही: परशुराम लवू शिगवण
साक्षीदार १: राघो धर्माजी पाटील, खारीगाव
साक्षीदार २: पुंडलिक गोविंद राऊत, नवघर
भाईंदर, दि. १८ नोव्हेंबर १९७५