रुखसारच्या कार्डावरील अकराव्या भोकाबाबत

प्रति,
मा. सचिव साहेब,
गोदाकाठ रायफल नेमबाजी मंडळ,
जुनी दगडखाण, विल्होळी बाजू, नाशिक.

अर्जदार : भागीबाई पुंजा गांगुर्डे, वय ४७, काम : निशाणाच्या कार्डांना चकत्या चिकटवणे, सोळा वर्षे.

विषय : कु. रुखसार अब्बास शेख हिच्या कार्डावरील अकरावे भोक तिचे नसून अर्जदाराचे असल्याबाबत, व तिला बाद केल्याचा निकाल आज दुपारी चारच्या आत फिरवण्याबाबत.

संदर्भ : (१) रविवार, दि. ११ मे २००३ रोजी फलकावर लावलेला निकाल. (२) आज सकाळी नऊ वाजताचा आपला तोंडी आदेश, "रविवारची सगळी कार्डं चुलीत घाला."

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार शाळेत गेलेली नाही. आकडे ती निशाणाच्या कार्डांवरून शिकली आणि अक्षरे चकत्या कापायला आणलेल्या जुन्या लग्नपत्रिकांवरून. तरी अर्जात कोठे आग्रहाच्या निमंत्रणाचा थाट आलाच तर माफी असावी.

२. साहेब गेल्या वर्षीच रुजू झाले, म्हणून अर्जदाराचे काम थोडक्यात. मंडळाकडे छापील कार्डे नेहमीच कमी. त्यामुळे सकाळच्या सरावात भोके पडलेलीच कार्डे दुपारच्या निवड चाचणीला परत लावायची, असा येथला रिवाज आहे. प्रत्येक जुन्या भोकावर अर्जदार कागदाची गोल चकती लावते. काळ्यावर काळी, पांढऱ्यावर पांढरी. चिकटवायला खळ, म्हणजे शिजवलेली कणीक. तिला कीड लागू नये म्हणून अर्जदार त्यात चिमूटभर मोरचूद घालते, त्याने खळीला निळी झाक येते. ही निळी झाक साहेबांनी ध्यानात ठेवावी, पुढे लागणार आहे.

३. रविवारी चाचणी दुपारी एकला सुरू झाली. मैदान म्हणजे तीन बाजूंनी काळा कातळ आणि वर आभाळ. वारा आत येत नाही आणि आलाच तर त्याला बाहेरची वाट सापडत नाही. पत्र्याच्या शेडमधल्या तापमापीत पारा चव्वेचाळीसवर होता. पाण्याचा टँकर आला नाही. माठ अकरालाच कोरडा पडला. अशा उन्हात पोरी जाड कॅनव्हासची जाकिटे अंगात घालून सतरंजीवर पालथ्या पडलेल्या. रायफलीच्या नळीवरून उन्हाची झळ अशी लवलवत होती की पन्नास मीटरवरचे निशाण पाण्यात पडल्यासारखे हलत होते.

४. चाचणीआधी अर्जदार कार्डे गोळा करायला निशाणांखालच्या खंदकातून वर आली, तेव्हा सहाव्या सतरंजीवर रुखसार डोके टेकून पडली होती. ओठ पांढरे. अर्जदाराने हाक मारली तर म्हणाली, "मौसी, निशाण दोन दिसतायत. कोणत्यावर मारू?" अर्जदार म्हणाली, "आधी पाणी पी, मग एकच दिसंल." अर्जदाराजवळ खळ पातळ करायला ठेवलेले डबाभर पाणी होते. (मोरचूद खळीत असतो, पाण्यात नव्हता. याबद्दल साहेबांनी निर्धास्त असावे.) त्यातले निम्मे तिला पाजले, उरलेल्यात पदर भिजवून तिच्या मानेवर ठेवला. पोरीने डोळे उघडले. मग म्हणाली, "आता एकच आहे."

५. येथपर्यंत अर्जदाराने केले ते बरे केले. पुढचे लिहिताना लाज वाटते. खंदकात परत येऊन पाहते तो वाटीतली खळ उन्हाने आळून खपल्या धरलेली. पाणी संपलेले. पोरींचे प्रशिक्षक रंगनाथ सर वरून ओरडत होते, "भागीबाई, आवरा! पोरी भाजून निघाल्यात इकडं!" पाच कार्डे कशीबशी झाली. सहाव्याला खळ उरली ती नखाएवढी. अर्जदाराने तीत थुंकी घातली. त्या कार्डावर सकाळची तीन भोके होती, तिन्हींवर चकत्या लावल्या आणि कार्ड चौकटीला अडकवले. ते कार्ड रुखसारचे.

६. गोळीबार झाला, कार्डे वर गेली. रुखसारच्या कार्डावर दहा गोळ्यांची अकरा भोके निघाली. दहापेक्षा जास्त भोके म्हणजे जादा गोळी, आणि जादा गोळी म्हणजे बाद, असा नियम आहे. नियमाशी अर्जदाराचे भांडण नाही. सतरंजीवरच्या रिकाम्या पुंगळ्या मोजल्या, त्या दहाच भरल्या. तेव्हा रंगनाथ सर म्हणाले, "अकरावी लपवली असेल." आणि सगळ्यांसमोर तिच्या जाकिटाचे खिसे उलटे केले. खिशातून कांदा निघाला. तिच्या आईने, खातूनबीने, ऊन लागू नये म्हणून ठेवलेला. सगळे हसले. कोणी म्हणाले, "घ्या, गोळी सापडली!" रुखसार हसली नाही, रडलीही नाही. कांदा उचलून परत खिशात ठेवला आणि म्हणाली, "मी दहाच मारल्या, सर." सर म्हणाले, "भोक खोटं बोलत नाही, पोरी."

७. महोदय, ते भोक खोटे बोलत नव्हते. ते सकाळचे होते, एवढेच. पण हे अर्जदाराला त्या वेळी कळले नाही, आणि शंका आली तरी ती गप्प राहिली. एकदा विचारायला तोंड उघडले तर सर म्हणाले, "बाई, चिकटवायचं काम तुमचं, मोजायचं आमचं." ते ऐकून अर्जदार खाली बसली. तेथे बसायला नको होते.

८. संध्याकाळी घरी पाय धुताना चपलेच्या तळाला काहीतरी चिकटलेले दिसले. पांढरी चकती. एका बाजूला निळसर खळ, दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी लग्नाचा "शुभ" आणि अर्धा "वि". सोमवारी कचेरी बंद असते. तरी अर्जदार खाणीत आली आणि भर दुपारी एका टाकाऊ कार्डावर बारा चकत्या लावून समोर बसली. सहा चांगल्या खळीच्या, सहा थुंकीच्या. पाऊण तासात थुंकीच्या पाच गळाल्या. खळीची एकही नाही. राखणदाराने विचारले, "बाई, काय वाळवण घातलंय का?" अर्जदार म्हणाली, "हो, पापड."

९. आज सकाळी आपण रविवारचा गठ्ठा अर्जदाराकडे दिलात आणि जाळायला सांगितलेत. येथली खळ टाकाऊ कार्डांच्या जाळावरच शिजते, तेव्हा आदेशात वावगे काही नव्हते. पाच कार्डे अर्जदाराने जाळली. सहावे जाळले नाही. सोळा वर्षांत मोडलेला हा पहिला आदेश. याबद्दल जी शिक्षा असेल ती कबूल.

१०. ते सहावे कार्ड अर्जासोबत जोडलेले नाही, हातातून सोडायची भीती वाटते. अर्जदार कचेरीबाहेरच्या बाकावर ते घेऊन बसली आहे. कार्डाच्या उजव्या बाजूला, खाली, पांढऱ्या भागात, दोनच्या कड्यात एक भोक आहे. त्याच्याभोवती टिकलीहून थोडी मोठी निळसर कडा आहे. बाकी दहा भोकांभोवती तशी कडा नाही. गोळी निळी कडा सोडत नाही, साहेब. खळ सोडते. मात्र ही कडा आतल्या ट्यूबलाइटमध्ये दिसत नाही, अर्जदाराने सकाळी कार्ड दारातून आत धरून पाहिले. उन्हातच दिसते. तरी साहेबांनी पाच मिनिटे कूलरसमोरून उठून बाहेर यावे. तो कूलर रुखसारच्या वडिलांनी, अब्बासभाईंनीच गेल्या महिन्यात दुरुस्त केला आहे, पाच मिनिटांत गरम पडणार नाही.

११. तरी विनंती अशी : अकरावे भोक वजा करून रुखसारचे गुण धरावेत आणि उद्या पुण्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या यादीत तिचे नाव परत घालावे. तिच्या जागी ज्या मुलीचे नाव लागले आहे, तिच्याबद्दल अर्जदाराला काही म्हणायचे नाही, तीही त्याच उन्हात भाजली. जमल्यास दोघींना पाठवावे. चूक अर्जदाराची आहे, शिक्षा अर्जदाराला द्यावी. कामावरून काढायचे झाल्यास नव्या बाईला खळ शिकवायला अर्जदार आठ दिवस येईल.

१२. घाईचे कारण असे की, अब्बासभाई आज चार वाजता रुखसारला घेऊन मंडळाची रायफल परत करायला येणार आहेत. "जिथं पोरीच्या खिशांची झडती घेतात तिथं पोर पाठवायची नाही," असे ते म्हणतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. रायफल एकदा कपाटात गेली की नाव यादीत येऊनही उपयोग नाही. अर्ज लिहिताना एक वाजला आहे.

१३. शेवटची विनंती, ही नोंदवहीत चढवू नये. निकाल फिरवताना कारण म्हणून "चिकटवणारणीचा हलगर्जीपणा" एवढेच लिहावे. पाण्याचे लिहू नये. खळीचे पाणी तिच्याच घशात गेले आणि त्यामुळे चकती गळाली, हे त्या पोरीला कळता कामा नये. कळले तर पुढच्या उन्हात ती कोणाच्याच हातचे पाणी घेणार नाही.

आपली आज्ञाधारक (आजचा एक आदेश सोडून),
भागीबाई पुंजा गांगुर्डे
(सही स्वतःची, अंगठा नाही)

नाशिक, मंगळवार, दि. १३ मे २००३

सोबत :
(१) चपलेला चिकटलेली चकती, पाकिटात. कृपया फुंकर घालू नये.
(२) सोमवारच्या प्रयोगाचे कार्ड, त्यावर टिकलेल्या सात चकत्यांसह. गळालेल्या पाच वेगळ्या पुडीत.
(३) पाण्याने भरलेला एक तांब्या, बाकाखाली झाकून ठेवला आहे. साहेब उन्हात आले तर लागेल.