शब्बाथसाठी ठेवलेलं अंडं

रविवार, ता. ७
सासूबाईंना परत आणायचंच, हा निश्चय. चार महिने धाकट्या जावेकडे राहताहेत. तिने गोड बोलून ओढून नेलं. लोक मलाच विचारतात, थोरली असून सासू तिकडे कशी? आज ह्यांना पाठवलं. सासूबाई म्हणाल्या, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागला की तुमच्याकडे जेवायला येते, मग राहायचं बघू. म्हणजे येणारच. खिडकीजवळचा पलंग रिकामा केला.

मंगळवार, ता. ९
गुरुवार-शुक्रवार सण, त्याला लागून शब्बाथ. इथे धर्माचं विचारायला रब्बी नाहीत. नियमांचं पुस्तक माझ्याकडे, कारण मी मॅट्रिक. जाऊ सातवीला दोनदा बसलेली. शिष्टाचाराचा भाग पुन्हा वाचला. पेला एका घोटात रिकामा करू नये. घरात शिरण्याआधी हाक द्यावी. चारचौघांत कोणाला खाली बघायला लावू नये. सणात रागवू नये. जावेत यातलं एकही नाही. तरी सणाचे दोन दिवस तिच्यावर रागवायचं नाही असं ठरवलं. आज-उद्या चालेल.

बुधवार, ता. १०, दुपारी चार
शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत, रांधायचं नाही. सणाच्या दिवशी शब्बाथचा स्वयंपाक करायचा, तर सण लागण्याआधी पाव आणि एक शिजवलेला जिन्नस बाजूला काढावा लागतो. शब्बाथची तयारी आधीच सुरू झाली, अशी ती खूण. स्वयंपाक होईपर्यंत ती टिकली पाहिजे. मी उकडलेलं अंडं ठेवलं. सिनेगॉगच्या पायरीवर दहा बायकांसमोर जावेला विचारलं, तू ठेवलंस का काही, की नेहमीसारखाच गोंधळ? लालबुंद झाली. तिच्या भल्यासाठीच विचारलं. आता शब्बाथ संपेपर्यंत लिहिणं मना. मन शांत आहे.

रविवार, ता. १४, सकाळी
तीन दिवसांचं सगळं डोक्यात साठवून डोकं ठणकतंय.
गुरुवारी सकाळी अंडं ताटलीत पडलेलं दिसलं. एवढा उकाडा. वाया गेलं असतं. अर्धं ह्यांना दिलं, अर्धं मी खाल्लं. शुक्रवारी कोंबडी धुवायला घेतली, तेव्हा हे विचारतात, कालचं ते अंडं कुठलं गं? खाताना विचारायला काय झालं होतं? चूक सरळसरळ ह्यांची.
पुस्तक उघडलं. खूण खाल्ली तर चूल बंद. नुसत्या पावावर भागत नाही. ज्याची खूण शाबूत असेल त्याला आपला शिधा कायमचा देऊन टाकायचा, मग त्याने रांधायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये अशी एकच. जाऊ.
कोंबडी, पीठ, बटाटे घेऊन दोन जिने चढले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, घरात दुसरं अंडं नव्हतं का?"
मी रागावले नाही. पातेलं जरा जोरात ठेवलं, एवढंच.
शब्बाथचं जेवण तिच्याकडे. कोंबडी माझी, कौतुक तिचं. सासूबाईंनी दोनदा घेतलं, पुन्हा हात पुढे केला. मी काळजीनेच म्हटलं, तिसऱ्यांदा होतंय हं, वयाला जपा. त्यांनी चमचा खाली ठेवला. जावेने न विचारता त्यांच्या ताटात वाढलं. मोठ्यांना असं विचारल्याशिवाय वाढतात? वळण म्हणून नाही.
असो. आज हे जाऊन सासूबाईंची ट्रंक आणतील.

सोमवार, ता. १५
हे काल दुपारी तिकडेच जेवून आले. ट्रंक नाही. बराच वेळ चपला काढत बसले. मग सासूबाईंचा निरोप सांगितला, "तिला म्हणावं, रोज येत जा भेटायला. फक्त जेवणाच्या वेळी नको."
म्हणजे तीन ते चार. मला तीच वेळ सोयीची आहे.