माझे यजमान परागंदा नव्हते

मी, श्रीमती कुंदाबाई केवलराम कापगते, वय ६९, राहणार मौजा बोरटोला, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके जागेवर आहे, डोळ्यांना चष्मा आहे आणि शेजारी बसून कोणी सांगत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचे वाचून शिकले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे जे राहील त्याची व्यवस्था खालीलप्रमाणे करावी.

१. राहते घर माझी मुलगी अलका, राहणार तिरोडा, हिला देते. तिला विकायचे असेल तर विकावे, माझा राग नाही. पडवीतल्या खुंटीवरचा निळा बॉयलर सूट मात्र आधी काढून न्यावा. तो तिच्या बाबांचा आहे. सोळा वर्षांत मी तो धुतला नाही. डिझेलचा वास गेला असे सगळे म्हणतात. मला येतो.

२. माझी पुस्तके तालुक्याच्या वाचनालयाला द्यावीत. इंग्रजी-मराठी शब्दकोश मात्र नात प्रेरणाला. त्यात पेन्सिलच्या खुणा आहेत, त्या खोडू नयेत. खटल्याचे कागद मी त्याच शब्दकोशाच्या आधाराने वाचले. एका ओळीला कधी एक दुपार लागे.

३. आता यजमानांबद्दल, कारण पुढची कलमे त्याशिवाय समजणार नाहीत. आमची मंडळी पिढ्यानपिढ्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, घालून तलाव बांधणारी. यजमान जहाजावर पंपमन होते. रोज सकाळी जहाजाच्या एकेका टाकीत दोरीला बांधलेला पितळी गज सोडायचा, कुठवर ओला झाला त्यावरून समुद्राचे पाणी शिरले का ते पाहायचे आणि आकडा वहीत मांडायचा, हे त्यांचे काम. सुट्टीवर आले की म्हणत, "आपल्या लोकायनं पानी आत ठेवाले पाळी बांधल्या, अन् मी पानी बाहेर ठेवाची नोकरी करून राहिलो." जहाजावरून काढून टाकलेला एक वाकडा गज त्यांनी घरी आणला होता. घरी आल्यावर पहिल्या सकाळी चहाच्या आधी तलावावर जात आणि तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, दगडावर उभे राहून गज सोडत. मी काठावर वही धरून बसे. ते आकडा सांगत, मी लिही. माझे अक्षर त्याच वहीत सुधारले.

४. एप्रिल २००९ मध्ये कंपनीचे पत्र आले की, दहा तारखेला आफ्रिकेतल्या एका बंदरात आपले पती जहाज सोडून पळून गेले. गावात बोलणे सुरू झाले. कोणी म्हणे तिकडे दुसरा संसार असेल. मी बांगड्या काढाव्या की ठेवाव्या, हे मला कोणी सांगू शकले नाही. पाच वर्षे ठेवल्या.

आमच्याच तालुक्यातले ॲड. रत्नपाल मेश्राम मुंबईला जहाजांचे खटले चालवतात. त्यांच्या आईची ओळख काढून मी गेले. ते म्हणाले, "मावशी, मालक परदेशात हाये, तो सापडनार नाही. आपन जहाजावरच केस लावू."

मी म्हटले, "जहाज कोर्टात कसं येईल जी?"

"जहाज नाही येत. कोर्टाचा कागद जहाजावर जाते, तिथंच चिकटवतेत. मंग त्याले हलता येत नाही."

मालकाने जहाजाचे नाव दोनदा बदलले. नाव बदलले तरी जहाजाचा नंबर बदलत नाही, हे रत्नपालना ठाऊक होते. दीड वर्ष त्यांनी त्या नंबरावर नजर ठेवली. २०१२ मध्ये ते जहाज गुजरातच्या एका बंदरात लागले आणि हायकोर्टाच्या हुकमाने त्याला अटक झाली. शब्दकोशात मी त्या दिवशी ‘अटक’ शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

मालकाच्या वकिलांनी निरोप पाठवला की पैसे देतो, जहाज सोडा, मात्र पळून गेल्याचे पत्र तसेच राहील. माझे दीर दुर्गाप्रसाद म्हणाले, "वैनी, सही मारून टाका. गेला तो मानूस. कायले जिवाले घोर लावून घेता?" मी म्हटले, "गेला, पन पळून नाही गेला." मी सही केली नाही.

रत्नपालनी कोर्टाकडून जहाजावरच्या सगळ्या वह्या मागवल्या. त्यात टाक्यांच्या पाण्याची वही होती. यजमानांना घाईत मराठी आकडे लिहायची खोड होती. त्यावरून कप्तानाची बोलणी खात आणि पुन्हा तेच करत. जहाज अकरा तारखेला बंदरातून निघाले होते. अकरा, बारा आणि तेरा तारखेच्या पानांवर मराठी आकडे आहेत. चौदा तारखेपासून इंग्रजी. दहाला पळालेल्या माणसाने तेराला भर समुद्रात पाणी मोजले. माणूस पाण्यात पडल्याची चौकशी टाळायला कंपनीने पळाल्याचे लिहून टाकले होते.

ते पान दाखवताना रत्नपालनी विचारले, "मावशी, अक्षर ओळखता?" यजमानांचा सात खाली शेपूट ओढलेला असे. मी पानावर बोट ठेवले. त्या संध्याकाळी बांगड्या काढल्या.

२०१४ मध्ये कंपनीने पत्र लेखी मागे घेतले. नोंद झाली: कामावर असताना समुद्रात मृत्यू. भरपाईतून घराचे छप्पर बदलले.

५. रत्नपालनी माझ्याकडून फी घेतली नाही. दरवर्षी एक पायली चिन्नोर तांदूळ मात्र हक्काने नेतात. अलकाने तो देणे चालू ठेवावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अलकाने त्यांच्या सल्ल्याने करावी.

६. माझ्या अस्थी समुद्रात नेऊ नयेत. कोर्टाच्या तारखेला गेले तेव्हा मी तो एकदा पाहिला. फार मोठा आहे, तिथे आम्ही एकमेकांना सापडणार नाही. आमच्या तलावाच्या पाळीखाली पुराव्यात.

७. तलावाखालचे धानाचे बांधे, म्हणजे भातशेतीचे तुकडे, यजमानांच्या वाट्याचे, आता माझ्या नावावर आहेत. कसतात दुर्गाप्रसाद. ते बांधे मी त्यांनाच देते, पण एका अटीवर. सासरे वारल्यावर २०११ मध्ये त्यांनी तलाठ्यापुढे वंशावळीचे प्रतिज्ञापत्र केले. त्यात थोरल्या भावापुढे, म्हणजे माझ्या यजमानांपुढे, लिहिले: परागंदा. निकालानंतर मी बदलायला सांगितले तर म्हणाले, "आता कोन वाचून राहिलं ते?" मी म्हटले, "मी वाचून राहिली ना." ते हसले आणि विषय बदलला. अकरा वर्षे झाली.

माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत त्यांनी नवे प्रतिज्ञापत्र करावे आणि त्या शब्दाच्या जागी ‘कामावर असताना समुद्रात मृत्यू’ असे लिहावे. न लिहिल्यास बांधे प्रेरणाचे.

८. पितळी गज आणि तलावाची वही दुर्गाप्रसादांना, विनाअट. यजमान गेल्यापासून वर्षातून दोनदा, नवरात्रात आणि मे अखेरीस, मी पाणी मोजते. आकडा यजमानांच्या आकड्यांसारखा बरोबर येत नाही, कारण तुडुमाच्या दगडावर उभे राहायची नेमकी जागा मला कळत नाही. दोघे भाऊ लहानपणी तिथे बांबूने पाणी मोजत, असे यजमान सांगत. ती जागा आता एकट्या दुर्गाप्रसादांना माहीत आहे.

भाऊजी, या कागदावर तुम्हाला साक्षीदार केले नाही म्हणून रागावू नका. ज्याला काही मिळायचे त्याची साक्ष चालत नाही, असे रत्नपाल सांगतात. तुमची सही मला दुसऱ्या कागदावर हवी आहे.

ठिकाण: बोरटोला
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५

सही: कुंदाबाई केवलराम कापगते

कुंदाबाईंनी वरील मजकूर स्वतः वाचून आम्हा दोघांसमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१. देवीदास लांजेवार, निवृत्त शिक्षक, बोरटोला
२. नीतू हातझाडे, ग्रंथपाल, अर्जुनी मोरगाव